अडलेलं वाचन

मंडळी, वाचन अडलं की लोक म्हणतात, "मूड लागत नाही." मला हे पटत नाही. वाचन अडतं ते बहुधा एकटेपणामुळे.

आमच्या धाराशिवकडे श्रावणात देवळात पोथी लावायचे. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. श्रीधरांच्या 'हरिविजया'चे ३६ अध्याय असेच महिनाभर चालत. दिवसभर शेतात राबून आलेला माणूसही हजर, कारण बाकीचे वाट बघत असायचे. मूडचा प्रश्नच नव्हता!

ही गेल्यावर वर्षभर माझ्याकडून पान उलटलं नाही. शेवटी शेजारच्या सातवीतल्या पोराला 'श्यामची आई' वाचून दाखवायला लागलो. साने गुरुजींनी त्यात 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' असे भाग केलेत, म्हणून रोज एकच. चौथ्या दिवशी मी कंटाळलो, तर पोरगं दारात उभं. "गुरुजी, पुढं?"

मग वाचावंच लागलं.

जानेवारी २०२० मध्ये आपल्या गावात ९३वं साहित्य संमेलन झालं. तेव्हा हौसेनं घेतलेली पुस्तकं कुणाच्या कपाटात अजून कोरी असतील, तर नवे संकल्प सोडू नका. ऐकणारं एक माणूस शोधा. घरात नसेल तर लेकीला फोन लावा आणि रोज दोन पानं मोठ्यानं वाचा. बघा, गाडी सुटते की नाही!