भिंतीला डोकं टेकतंय का?

मुलांनो, आधी एक गंमत करू या. हा अंक क्षणभर मांडीवर ठेवा. मुद्दाम पोक काढून बसा, हनुवटी पुढे काढा आणि तसंच बसून एक हात सरळ वर उचला. कुठवर गेला? आता ताठ बसा आणि पुन्हा उचला. या खेपेला हात पार कानाजवळ गेला ना? हात तोच, खांदा तोच. मग फरक कसला? पाठीला बाक आला की पाठीवरचा फरा, म्हणजे खांद्याचं ते चपटं हाड, पुढे सरकतो आणि हाताची वर जायची वाट अडते. वर्गात प्रश्न विचारल्यावर काही जणांचा हात वर येत नाही, त्याचं हेही एक कारण असेल! (दुसरं कारण तुम्हाला आणि मला ठाऊक आहेच.)

आपल्या मानेत सात मणके असतात. जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही सातच, बरं का! मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलो वजनाचं असतं. पाण्याचा हंडा नीट डोक्यावर घेतला, तर बाई चार माणसांशी बोलत बोलत घरी येते. तोच हंडा हात लांब करून पुढे धरायला सांगा, दहा पावलंही जमणार नाही. मानेचंही तसंच आहे. डोकं मणक्यांच्या बरोब्बर वर असलं की मान मजेत. ते वहीवर किंवा मोबाइलवर पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना ते तासन्‌तास ओढून धरावं लागतं.

आता आईबाबांसाठी दोन शब्द. “ताठ बस!” हे वाक्य घरात दिवसातून किती वेळा होतं, मोजून पाहा. मूल दोन मिनिटं ताठ बसतं आणि पुन्हा वाकतं. तो हट्ट नव्हे. सतत वाकून बसण्यानं छातीचे स्नायू आखडलेले असतात आणि फऱ्यांमधले स्नायू कमजोर झालेले असतात. पुढचे सैल आणि मागचे घट्ट केल्याशिवाय नुसत्या रागावण्यानं काय होणार?

माझ्या वर्गात एक मुलगी होती. सगळ्यांत उंच. मुलं तिला ‘जिराफ’ म्हणायची. ती खांदे पाडून, मान खाली घालून चालायची, म्हणजे दोन बोटं तरी बुटकी दिसावी! घरचे म्हणत, दप्तराचा भार होतो. दप्तर हलकं केलं, तरी पोक तसंच. शेवटी कवायतीच्या वेळी तिला सगळ्यांच्या पुढे उभं केलं, कारण हात उंच गेलेला मागच्यांना दिसायला हवा होता. ती हळूहळू सरळ उभी राहू लागली. नाव ठेवणाऱ्यांची मात्र मी चांगली हजेरी घेतली. वयात येणाऱ्या मुलीही अशाच अंग चोरून बसतात. त्यांच्या पाठीत चारचौघांत थाप मारून “पोक काढू नकोस” म्हणू नका. जे बोलायचं ते आईनं किंवा मावशीनं बाजूला घेऊन बोलावं.

तर, तयारी! भिंतीला पाठ लावून उभे राहा. टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे. कंबरेखालचा भाग आणि फरे भिंतीला टेकवा. हनुवटी वर न करता डोकं टेकतंय का? नसेल, तर मधे किती बोटं मावतात ते दुसऱ्याकडून मोजून घ्या आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तिथंच पहिला व्यायाम. टेबलाचा खण आत सरकवतात तशी हनुवटी सरळ मागे घ्या. मान वाकवायची नाही. दुहेरी हनुवटी झाली आणि हसू आलं, की बरोबर जमलं. पाच अंक मोजा, सोडा. असं दहा वेळा. मग दाराच्या चौकटीत जा. कोपरं खांद्याइतकी उंच ठेवून दोन्ही हात चौकटीला टेकवा, एक पाय पुढे टाका आणि छाती हळूच पुढे न्या. छातीवर ताण जाणवेल; वीस अंक थांबा. तीनदा. ताण यावा, दुखता कामा नये. शेवटी सतरंजीवर पालथे झोपा, हात अंगालगत, नजर जमिनीकडे. फरे एकमेकांजवळ आणत छाती चार बोटंच उचला, पाच अंक मोजा. आठ वेळा. हा व्यायाम सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत कामाचा.

रोज दहा मिनिटं पुरतात. आठ दिवसांत काही दिसणार नाही. दीड-दोन महिने नेमानं करा. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तमच. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते आपल्या शाळांमधून मुलांना घालायला लावले होते.

आणि एक. ताठ बसायचं म्हणजे पुतळ्यासारखं बसायचं नव्हे. कितीही छान बसलात तरी एकाच जागी तासभर नको. अर्ध्या तासानं उठा, पाणी प्या, आजीचा चष्मा शोधून द्या! जमिनीवर बसून लिहिताना वही पाटावर किंवा चौरंगावर घ्या. मोबाइल डोळ्यांसमोर धरा. दप्तराचे दोन्ही पट्टे खांद्यांवर, जड पुस्तकं पाठीलगत. 2020 च्या केंद्राच्या दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागाहून जड नसावं. म्हणजे तीस किलोच्या मुलाला तीन किलो. काट्यावर आधी दप्तरासह उभे राहा, मग दप्तराशिवाय, आणि वजाबाकी करा.

पालकांनो, मुलाला पाय जुळवून, हात लोंबते सोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, किंवा पालथं झोपूनही बाक जात नसेल, हाताला मुंग्या येत असतील, रात्री दुखून जाग येत असेल, तर हे व्यायाम पुरे पडणार नाहीत. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, परीक्षा संपायची वाट पाहू नका.