काचेच्या कपाटातील गलबत

नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी किनाऱ्यावरील कुटुंबांकडे जाण्याचा प्रसंग आम्हांला वारंवार येतो. प्रार्थना आटोपते, पवित्र जल शिंपडून होते, आणि यजमान मोठ्या प्रेमाने आम्हांला दिवाणखान्यात बसवतात. समोर काचेचे कपाट असते. त्यात मुलांनी मिळवलेले चषक, परदेशातून आलेली बाहुली आणि मधोमध एक गलबत असते. तीन डोलकाठ्या, फुगलेली पांढरी शिडे, पितळी रंगाच्या तोफा! कुठल्याशा यंत्रावर एका साच्यातून हजारोंनी निघालेली ही शोभेची वस्तू. आम्ही विचारतो, "आपले आजोबा कोणत्या नावेवर जात?" यजमान क्षणभर थांबतात. "होती एक डोलीची नाव. मोडून टाकली. लाकूड जळणाला गेले."

वाचकहो, आमची तक्रार या एका उत्तरातच आहे. जिने तीन पिढ्यांना अन्न दिले ती नाव चुलीत गेली आणि जिच्याशी आपल्या रक्ताचा काडीचाही संबंध नाही ते परकीय गलबत काचेत विराजमान झाले. यजमानांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही, कारण हा दोष आम्हां सर्वांचा आहे. परंतु त्या कपाटातील वस्तूला "आमच्या दर्याची आठवण" असे कोणी म्हटले, तर ते असत्य आहे हे आम्ही स्पष्टपणे सांगणार.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : लाकडी मासेमारी नावांची शेवटची पिढी आपल्या डोळ्यांदेखत किनाऱ्यावरून नाहीशी होत आहे. ती पूर्णपणे संपण्यापूर्वी प्रत्येक किनारी धर्मग्रामाने आपल्या बंदरातील निदान एका नावेचे फळीन् फळी मोजमाप घ्यावे आणि त्या मापांवरून तिची प्रमाणबद्ध प्रतिकृती मुळापासून, स्वतःच्या हातांनी घडवावी. दुकानातला तयार संच आणून चिकटवू नये आणि छायाचित्रावरून अंदाजाने कोरू नये. मोजावे आणि घडवावे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करू. मच्छीमारांनी फायबरच्या बोटी घेऊ नयेत असे आम्ही सुचवत नाही. सागवान महाग झाले, नाव बांधणारे सुतार दुर्मिळ झाले, दर वर्षी फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासण्याचा, राळ आणि तेल लावण्याचा खर्च परवडेनासा झाला. ज्याला रात्री समुद्रावर जायचे आहे त्याने कोणती बोट घ्यावी हे किनाऱ्यावर उभ्या असलेल्या धर्मगुरूने सांगू नये. लाकडी नाव जाणार हे आम्ही मान्य करतो. तिच्याबरोबर तिचे ज्ञानही जावे, हे मात्र आम्हांला मान्य नाही.

हे ज्ञान कोठे आहे? कोणत्याही पुस्तकात नाही. आपल्याकडचा जुना सुतार नकाशा काढून नाव बांधत नसे. पठाण जमिनीवर मांडावा, नाळ उभी करावी, मग डोळा, दोरी आणि हाताची वीत यांच्या आधारे पोटाचा फुगवटा ठरवावा, अशी ती रीत. नकाशा त्याच्या मनगटात असे. मनगट थकले की नकाशा पुसला जातो. मागे उरते ती फक्त नाव, आणि तीही आपण फोडून जाळतो.

आमच्या अनुभवाची एक गोष्ट सांगतो, कारण ती आमच्याच फजितीची आहे. आम्ही एका किनारी धर्मग्रामात सेवेला असताना युवक मंडळाने सणासाठी नावेची प्रतिकृती करण्याचे ठरवले. आम्हीही उत्साहात सामील झालो. एका जुन्या नावेची छायाचित्रे मिळवली, त्यांवरून रेषा काढल्या, पातळ पट्ट्या वाकवल्या, रंग दिला. वीस इंचांची देखणी नाव तयार झाली. ज्याने ती मूळ नाव बांधली होती तो वृद्ध सुतार तेव्हा हयात होता. त्याला मुलांनी हात धरून आणले. त्याने प्रतिकृती उचलली, तिच्या कुशीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "फादर, रिकामी असताना ही छान दिसेल. पण डोल वर घेताना कलंडेल."

आम्ही ओशाळलो. दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन किनाऱ्यावर गेलो आणि खरी नाव मोजली. लांबी चाळीस फूट होती, ती आम्ही बरोबर धरली होती. पण रुंदी आम्ही नऊ फूट मानली होती आणि ती निघाली अकरा. छायाचित्र बाजूने घेतलेले, त्यात रुंदी कशी दिसणार? आमचे प्रमाण फुटाला अर्धा इंच, म्हणजे चोविसास एक, असे होते. या प्रमाणात दोन फुटांची चूक एका इंचाची होते. कपाटातील नावेत एक इंच कोणाच्या लक्षातही येत नाही. समुद्रावर मात्र भरलेले जाळे एका कुशीवरून ओढताना त्याच दोन फुटांवर माणसांचे प्राण अवलंबून असतात. सुताराच्या अंगठ्याला जे कळले ते आमच्या डोळ्यांना कळले नव्हते.

मग पुन्हा आरंभ केला. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत मधोमध दोरी ताणली. दर दोन फुटांवर खूण केली. प्रत्येक खुणेपाशी ओळंबा सोडून, ठरावीक उंचीवर ओळंब्यापासून कुशीपर्यंतचे अंतर मोजले आणि वहीत उतरवले. ते आकडे आलेख कागदावर घेऊन प्रत्येक खुणेचा आडवा छेद काढला, पुठ्ठ्यात कापला आणि ओळीने उभा केला. त्या छेदांवरून बांबूची बारीक काडी वाकवून पाहिली. जेथे काडीला पोक आला तेथे आमचे माप चुकले होते. पुन्हा किनाऱ्यावर, पुन्हा दोरी. दीड इंचाची फळी प्रतिकृतीत एक सोळांश इंचाची होते. सागवानाचे रेषे या प्रमाणात अवाढव्य दिसतात, म्हणून हेदूसारखे बारीक पोताचे लाकूड शोधावे लागले. ते वाकवण्यासाठी पाण्यात भिजवून ऊब द्यावी लागली. तेव्हा कुठे मुलांच्या ध्यानात आले की खऱ्या फळ्या वाकवणाऱ्याने काय कष्ट उपसले असतील.

त्यातच एक वाद उद्भवला. नावेची उजवी कूस डावीपेक्षा दीड इंचाने अधिक फुगलेली निघाली. मुले म्हणाली, "फादर, आपण दोन्ही बाजू सारख्या करू." आम्हालाही तेच योग्य वाटले. सुतार हसला. "त्या वर्षी तसेच लाकूड मिळाले होते. वाकडे झाड होते, ते जसे वळत होते तसे वळू दिले." आम्ही तो फुगवटा जसाच्या तसा ठेवला. खऱ्या नावेचा चेहरा सुंदर करून दाखवणे म्हणजे तिच्याविषयी खोटी साक्ष देणे होय, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप सुशिक्षितांचा आहे. "आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. चित्रफीत काढून ठेवली की झाले." आमची रुंदी कशी चुकली हे वर सांगितलेच आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की कॅमेरा पृष्ठभाग पाहतो. फळी फासळीला कशी भेटते, सांध्याची खाच किती खोल आहे, कोणता खिळा आतून वळवला आहे, हे ज्याला तोच सांधा स्वतः करायचा असतो त्यालाच विचारावेसे वाटते. स्पेनमधील मातारो येथील एका लहान प्रार्थनामंदिरात पंधराव्या शतकात कोणीतरी नवस म्हणून सुमारे सव्वा मीटर लांबीची एक नाव वाहिली. आज ती रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे. त्या काळातील जहाजे कशी बांधत हे समजून घेण्यासाठी विद्वान तिच्याकडे जातात, कारण तशी खरी जहाजे राहिलेली नाहीत. ज्याने ती घडवली त्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही. त्याने भक्ती केली, आणि ती भक्ती इतकी प्रामाणिक होती की पाचशे वर्षांनंतर तिच्यापासून इतिहास शिकता आला.

दुसरा आक्षेप : "हा पोरखेळ आहे, रिकामटेकड्यांचा छंद आहे." असे म्हणणाऱ्यांना आम्ही जे. रिचर्ड स्टेफी यांचे नाव सांगतो. हे गृहस्थ अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यात विजेच्या जोडण्या करण्याचा व्यवसाय करीत. जहाजांचे नमुने घडवणे हा त्यांचा छंद. सायप्रस बेटाजवळ इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षांच्या काळातले किरेनिया नावाने ओळखले जाणारे व्यापारी जहाज समुद्राच्या तळाशी सापडले, तेव्हा त्याचे हजारो तुकडे पुन्हा जोडण्याचे काम या छंदिष्टाकडे आले. प्राचीन नौकाबांधणीच्या अभ्यासात आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते. हाताने नमुना करून पाहणे ही त्यांची अभ्यासपद्धती होती. विद्वत्ता हातांतूनही येते, हे सुताराच्या घरी वाढलेल्या प्रभूच्या अनुयायांना वेगळे सांगावयास नको.

याच स्टेफींना १९८६ साली गालील सरोवराकाठी बोलावण्यात आले. दुष्काळाने पाणी ओसरले होते आणि चिखलात दोघा भावांना एका नावेचे अवशेष दिसले होते. ती नाव प्रभू येशूच्या काळाच्या आसपासची आहे. लांबी सुमारे सव्वाआठ मीटर, रुंदी सव्वादोन मीटरच्या थोडी वर. ती कोणत्या शिष्याची होती हे कोणी सांगू शकत नाही आणि तसा दावा आपणही करू नये. परंतु तिच्यात जे आढळले ते आमच्या हृदयाला भिडते. दहा-बारा जातींचे लाकूड तिच्यात वापरलेले आहे. पठाणाचा एक भाग आधीच्या कुठल्याशा नावेतून काढून बसवला आहे. ठिकठिकाणी डागडुजी आहे. बांधणारा कुशल होता, पण त्याला चांगले लाकूड मिळत नव्हते. "त्या वर्षी तसेच लाकूड मिळाले होते," हे आमच्या सुताराचे वाक्य गालीलच्या सुतारानेही उच्चारले असेल! त्या नावेची प्रतिकृती करणाऱ्याने तिची ठिगळे गाळली, तर तो काय दाखवील? श्रीमंताची नौका दाखवील, कोळ्याची नव्हे.

तिसरा आक्षेप आमच्याच पॅरिश कौन्सिलांतून येतो. "फादर, एवढा वेळ आणि पैसा का घालवायचा? सणाला थर्मोकोलची नाव दोन दिवसांत होते, दिव्यांची माळ सोडली की शोभूनही दिसते." दिसते खरी. आणि सण संपला की दोन दिवसांत ती उकिरड्यावरही जाते. दर वर्षी नवी, दर वर्षी खोटी. तोच पैसा आणि त्याच मुलांच्या संध्याकाळी एकत्र केल्या, तर एका पावसाळ्यात मोजमाप आणि दुसऱ्या पावसाळ्यात प्रतिकृती पूर्ण होते. फ्रान्समध्ये मार्सेय येथील पवित्र मरियेच्या टेकडीवरील मंदिरात छताला नावांच्या कितीतरी प्रतिकृती टांगलेल्या आहेत. समुद्रावरून सुखरूप परतलेल्यांनी वाहिलेल्या या खुणा आहेत. त्यांच्या वंशजांना आपली नाव कशी दिसत होती हे विचारण्यासाठी दूर जावे लागत नाही, मान वर केली की पुरते. आमच्या मुलांनी मान वर केली तर त्यांना काय दिसेल?

आणखी एक गोष्ट सांगताना आम्हांला संकोच वाटतो. एकोणिसाव्या शतकात एडमों पारिस नावाचा फ्रेंच नौदल अधिकारी जगभर फिरत असताना जेथे जाई तेथील देशी नावा मोजत असे. १८४०च्या दशकात त्याने त्यांचे आराखडे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांत भारताच्या किनाऱ्यावरील नौकाही आहेत. पुढे पॅरिसच्या नाविक संग्रहालयाचा प्रमुख असताना त्याने अशा नौकांच्या प्रतिकृती तयार करवून घेतल्या. चार दिवसांच्या पाहुण्याला आमची नाव मोजण्याच्या योग्यतेची वाटली. आम्हांला, तिच्यावर वाढलेल्यांना, ती जाळण्याच्या योग्यतेची वाटते.

म्हणून आमची मागणी साधी आणि निश्चित आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नावा किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि धनीही घरी असतो. प्रत्येक किनारी धर्मग्रामाच्या युवक मंडळाने या दोन महिन्यांत एक जुनी नाव निवडावी. धन्याची परवानगी घ्यावी. दोरी, ओळंबा, मोजपट्टी आणि वही, एवढेच साहित्य पुरे. जुना सुतार हयात असेल तर त्याला खुर्ची देऊन शेजारी बसवावे आणि प्रत्येक भागाचे नाव त्याच्या तोंडून, त्याच्या बोलीत लिहून घ्यावे. मोजमापाच्या वहीची एक प्रत चर्चच्या दप्तरात बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारी ठेवावी. माणसांच्या जन्माची नोंद आपण ठेवतो, मग त्यांना पोसणाऱ्या नावेची का ठेवू नये? प्रतिकृती नंतर होईल, घाई नाही. माप मात्र थांबणार नाही, कारण नाव थांबणार नाही.

आमच्या त्या वृद्ध सुताराने दुसरी प्रतिकृती पुरी झालेली पाहिली नाही. फळ्या चढवणे चालू असतानाच तो प्रभूघरी गेला. मूळ नाव पुढच्याच वर्षी मोडली गेली. त्या धर्मग्रामात आज तिच्याविषयी जे काही शिल्लक आहे ते त्या वीस इंचांत आणि एका ओल लागलेल्या वहीत आहे. उजवी कूस अजूनही फुगलेली आहे. येणारा पाहुणा हमखास विचारतो, "ही एका बाजूला वाकडी का?" आणि कोणीतरी पोर पुढे होऊन त्याला त्या वर्षीच्या वाकड्या झाडाची गोष्ट सांगते.

काचेच्या कपाटातील गलबताला अशी एक तरी गोष्ट सांगता येते का, हे वाचकांनी आज घरी गेल्यावर त्यालाच विचारून पाहावे.