‘अभिलेख उपलब्ध नाही’ या उत्तरानंतर

कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य शासनाने हैदराबाद गॅझेटबाबतचा निर्णय काढला. तेव्हापासून नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील अभिलेख कक्षांकडे साऱ्यांचे लक्ष वळले आहे. निजामकालीन कागद किती मोलाचे असतात, हे या निमित्ताने मराठवाड्याला नव्याने उमगले. मात्र आरक्षणाच्या चर्चेत एक जुना प्रश्न मागे पडला. जमीन, वारसाहक्क किंवा भूसंपादनाचा मोबदला यांविषयीच्या दाव्यांतही असेच जुने कागद निर्णायक ठरतात. वकील न नेमता स्वतःच बाजू मांडणाऱ्या पक्षकाराला ते न्यायालयासमोर आणता येतात काय, हा तो प्रश्न होय.

कायद्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नुसार पक्षकाराला स्वतः हजर राहून दावा चालवता येतो. आदेश १६ नुसार तो साक्षीदाराला किंवा कागद ताब्यात असलेल्या अधिकाऱ्याला समन्स काढण्याची मागणी करू शकतो. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ही राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा ठरली असल्याने हा अर्ज मराठीतूनही देता येतो. वकिलाला मिळणारे समन्स आणि सामान्य शेतकऱ्याला मिळणारे समन्स यांत कायदा भेद करीत नाही.

भेद पडतो तो अर्जाच्या मजकुरात. ‘आमच्या जमिनीचे सर्व जुने रेकॉर्ड तहसीलदारांनी हजर करावे’ अशा मोघम अर्जातून काही हाती लागण्याची शक्यता कमीच. पुरावा शोधून देणे हे न्यायालयाचे काम नाही; नेमका पुरावा हजर करवून घेणे हे आहे. म्हणून गाव, सर्व्हे किंवा गट क्रमांक, साल, कागदाचा प्रकार, उदाहरणार्थ १९५४ च्या सुमाराचे खासरा पाहणी पत्रक, आणि दाव्यातील कोणत्या मुद्द्यासाठी तो हवा, इतके तरी अर्जात यावे लागते.

कागद कोणत्या कार्यालयात आहे, हे सांगणेही या भागात सोपे नाही. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी बीदर जिल्ह्यात होते, तर किनवट आदिलाबाद जिल्ह्यात. लातूर जिल्हा तर ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. त्यामुळे एखाद्या गावाच्या जुन्या कागदांचा माग आजच्या धाराशिव, बीदर वा आदिलाबादपर्यंत, क्वचित हैदराबादच्या पुराभिलेखागारापर्यंत जाऊ शकतो. शिवाय १९४८ पूर्वीचा पुष्कळसा दप्तरी व्यवहार उर्दूत असल्याने मराठी भाषांतराची तजवीज करावी लागते.

समन्स हे पहिले पाऊलही नव्हे. सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित नक्कल पुराव्यात चालते, आणि ती नक्कल अर्ज देऊन मिळते. दुय्यम निबंधक कार्यालयातील खरेदीखतांच्या नोंदींच्या प्रती नोंदणी कायद्याच्या कलम ५७ नुसार कोणालाही मागता येतात. माहितीचा अधिकार हाही एक मार्ग आहे; मात्र न्यायालयाच्या स्वतःच्या दप्तरातील कागद त्या कायद्याने नव्हे, तर न्यायालयाच्या नियमांनुसारच मागावे लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले. दुसऱ्या खटल्याचे रेकॉर्ड मागवायचे झाल्यास नक्कल का मिळू शकत नाही किंवा मूळ कागदच का हवा, हे शपथपत्रावर सांगावे लागते. बँकेचे खातेउतारेही १८९१ च्या कायद्यानुसार प्रमाणित स्वरूपात पुरावा ठरतात. बँक पक्षकार नसेल, तर तिच्या अधिकाऱ्याला मूळ वह्यांसह बोलावण्यासाठी विशेष कारण दाखवावे लागते. सहीविषयी वाद असेल, कार्यालय अर्जाला दाद देत नसेल किंवा कागद खासगी ताब्यात असेल, तेथे समन्सची खरी गरज भासते.

वेळेचे बंधनही कडक आहे. वादमुद्दे निश्चित झाल्यावर १५ दिवसांच्या आत साक्षीदारांची यादी द्यावी लागते. उशीर झाल्यास सबळ कारण सांगून परवानगी घ्यावी लागते. समन्ससाठीचा खर्च अर्जापासून फार तर सात दिवसांत न्यायालयात भरावा लागतो. समन्स स्वतः नेऊन बजावण्याची, म्हणजे ‘दस्ती’ची, परवानगीही मागता येते. फक्त कागद हजर करण्याचे समन्स असेल, तर अधिकारी तो दुसऱ्याकरवी पाठवू शकतो आणि कागद घेऊन येणारा तेवढ्याने साक्षीदार ठरत नाही. नोंद कोणी, केव्हा व कशाच्या आधारे घेतली, हे विचारायचे असल्यास साक्षीसाठीही समन्स मागितले पाहिजे. हा बारकावा हुकला, तर कागद येतो. पण त्याविषयी प्रश्न विचारायला कोणी समोर नसते.

सर्वांत अवघड वळण त्यानंतरचे. अनेकदा कार्यालयाकडून ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे एका ओळीचे उत्तर येते आणि आपला दावा संपला, असे एकटा पक्षकार समजतो. वस्तुतः येथून नवा मार्ग सुरू होतो. शोध कोठे घेतला, कागद जतनाच्या कोणत्या वर्गात होता, तो नष्ट केला असल्यास त्याची नोंद आहे काय, हे सांगणारे शपथपत्र मागण्याचा अर्ज करता येतो. मूळ कागद हरवल्याचे किंवा नष्ट झाल्याचे सिद्ध झाल्यास त्याच्या मजकुराचा दुय्यम पुरावा देण्याची मुभा पूर्वीच्या पुरावा कायद्यात होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती आहे. जुनी नक्कल किंवा कागद प्रत्यक्ष पाहिलेल्याची तोंडी साक्ष यांना तेव्हा महत्त्व येते. भूसंपादनाच्या प्रकरणांप्रमाणे शासन स्वतःच पक्षकार असेल आणि हाती असलेला कागद दडवीत असेल, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमानही काढू शकते. समन्स बजावूनही सबळ कारणाविना दुर्लक्ष करणाऱ्यावर वॉरंट, जप्ती व दंडाची कारवाई होऊ शकते. मात्र त्यासाठी पक्षकाराला पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि नेमके तेच राहून जाते.

एकट्याने लढणे ही पुष्कळांची निवड नसून नाइलाज असतो. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक आणि उत्पन्नमर्यादेत बसणारे इतर यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. ज्यांना तो मिळत नाही वा नको आहे, त्यांच्यासाठी समन्सच्या अर्जाचा सोपा मराठी नमुना प्रत्येक न्यायालयात आणि कागदांची गाववार सूची प्रत्येक अभिलेख कक्षात ठेवणे फार खर्चाचे नाही. कुणबी नोंदींसाठी शासनाने दप्तरे उघडून दाखवली आहेत. त्या शोधाची गाववार सूची कायमस्वरूपी खुली ठेवली, तर तिचा लाभ आरक्षणाशी संबंध नसलेल्या दावेदारांनाही होईल. समन्स काढण्याचा अधिकार संहितेत १९०८ पासून आहे; कागद कोठे आहे, हे सांगण्याची जबाबदारी मात्र अजूनही एकट्या पक्षकारावरच आहे.