पाचगणीचा फ्रेडी

क्वीन या रॉक बँडचा फ्रेडी मर्क्युरी आपल्याच सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँडही तिथलाच, शाळासोबत्यांचा.

१९८४ साली क्वीनचं 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री' ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. व्हिडिओत चौघेही बायकांच्या वेषात. भरघोस मिशा तशाच ठेवून, आखूड स्कर्ट नेसलेला फ्रेडी व्हॅक्यूम क्लीनरनं घर झाडतोय! ब्रिटन खळखळून हसलं, अमेरिकेत नाकं मुरडली गेली.

गवळणीतली मावशी पुरुषानंच रंगवायची, हे जत्रेतल्या तमाशानं आपल्याला कधीच शिकवलंय. वडूजकरांना हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही. व्हिडिओ जरूर बघा, घरातल्या थोरांनाही दाखवा.