मामूंचा कलर कोट

घरातले मोठे माणूस गेले की काही दिवस त्याच्या आजारपणाच्याच गोष्टी निघतात. कोणत्या दवाखान्यात नेले, शेवटी काय बोलले, मय्यतीला किती लोक आले. दुआ आपण करतोच, ती करायलाच हवी. पण ते माणूस आयुष्यभर कशाने खूश होत होते, हे मुलांना कोण सांगणार?

आमच्या मरहूम मामूंचा जीव कबड्डीत होता. १९७०च्या दशकात चंद्रपूरला कॉलेजात शिकताना ते नागपूर विद्यापीठाच्या संघात निवडले गेले आणि त्यांना विद्यापीठाचा कलर कोट मिळाला. गडचिरोली जिल्हा तेव्हा झाला नव्हता. तो १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा निघाला. सगळी कॉलेजे नागपूरला जोडलेली. सिरोंच्याच्या मुलाला निवड चाचणीसाठी नागपूर गाठायचे तर तीनशे किलोमीटरहून जास्त प्रवास. चांगले गडी भाड्यावाचून मागे राहिले, असे मामू हळहळून सांगत.

आम्ही शाळेत असताना ते आम्हाला आंतरमहाविद्यालयीन सामने दाखवायला नेत. "चढाई करणाऱ्याकडे सगळेच बघतात बेटा, तुम्ही कोपऱ्यातल्या गड्याचे पाय बघा," म्हणायचे. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीचा समावेश झाला आणि भारताने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्यांनी मोहल्ल्यात जिलेबी वाटली होती.

त्यांच्या इंतकालानंतर दोन अनोळखी माणसे पुरशाला आली. कॉलेजात असताना सामन्यांना जाण्यासाठी एसटीचे भाडे मामूंनी दिले होते, असे त्यांनी सांगितले. घरात कुणालाच, अगदी मुमानींनाही, हे ठाऊक नव्हते.

२०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ सुरू झाले आणि चंद्रपूर-गडचिरोलीची कॉलेजे त्याला जोडली गेली. आता या जंगलपट्ट्यातल्या मुलामुलींना आंतरविद्यापीठ स्पर्धेत स्वतःच्या विद्यापीठाकडून उतरता येते. यंदा मामूंची नात त्या संघात निवडली गेली, आणि घरात चर्चा सुरू झाली. मुलगी इतक्या लांब जाणार? परीक्षा तोंडावर आली. खेळून मिळते काय?

मिळते ते आम्ही बसून सांगितले. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. आणखी एक गोष्ट सांगितली. आंतरविद्यापीठ स्पर्धांत सर्वांत चांगली कामगिरी करणाऱ्या विद्यापीठाला १९५६-५७ पासून जी ट्रॉफी दिली जाते, ती मौलाना अबुल कलाम आझादांच्या नावाची आहे. देशाच्या पहिल्या शिक्षणमंत्र्यांचे नाव मैदानाशी जोडलेले असताना आपण खेळाला अभ्यासाचा दुश्मन का समजावे?

तरी निर्णय मुमानींनीच केला. त्यांनी ट्रंकेतून तो कोट काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरला. "ते असते तर हिच्याआधी स्टँडवर जाऊन बसले असते," एवढेच त्या म्हणाल्या. मग कुणी काही बोलले नाही.

संघ पहिल्याच फेरीत हरला. पण रात्री फोनवर पोरीने हरल्याचे नंतर सांगितले, आधी म्हणाली, "दादी, कोपऱ्यातून तीन पकडी केल्या." मुमानी रडल्या आणि हसल्याही.

वाचक भावा-बहिणींनो, आपल्याही घरात असा कुणी मरहूम असेल. त्यांचा आवडता खेळ कोणता होता, ते कुठे खेळले, कुणाबरोबर खेळले, हे आज दस्तरख्वानावर मुलांना सांगा. जुना फोटो, प्रमाणपत्र असेल तर बाहेर काढा. ऐपत असेल तर त्यांच्या नावे एखाद्या गरीब खेळाडूचे येण्याजाण्याचे भाडे द्या. मामूंसारखेच, गाजावाजा न करता. आमच्या घरी यंदापासून तसे ठरले आहे.

अल्लाह आपल्या सर्व मरहूमांची मगफिरत करो. आमीन.