काटकसरीचा गंज

सरकारी कार्यालयात एक समजूत फार खोलवर रुजलेली आहे. जी वस्तू वापरली नाही ती झिजली नाही, आणि जी झिजली नाही ती वाचली. कपाटातील कागदांच्या रिमांबाबत ही समजूत खरी असेलही, पण यंत्राबाबत ती साफ चुकीची आहे. या चुकीचे उदाहरण म्हणून मी आज एका क्षुल्लक वाटणाऱ्या विषयावर लिहीत आहे : सरकारी ट्रकची फोर-व्हील ड्राइव्ह. हा विषय गॅरेजचा, प्रशासनाच्या चर्चेत त्याचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. माझे म्हणणे असे की तो गॅरेजचा कमी आणि फाइलीचा अधिक आहे.

प्रथम माझ्या स्वतःच्या चुकीविषयी सांगतो. २००९ साली मी अरुणाचल प्रदेशातील एका कार्यालयात वित्तविषयक काम पाहत होतो. आमच्याकडे एक हलका फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक होता. एरवी तो मागच्या दोन चाकांवरच चाले. त्या वर्षीच्या जानेवारीत आमच्या चालकाने साधा अर्ज केला, की महिन्यातून एकदा हा ट्रक नदीकाठच्या रेताड वाटेवर वीस किलोमीटर चारही चाकांवर चालवण्याची परवानगी मिळावी. मी फाइलीवर शेरा लिहिला : "प्रयोजन स्पष्ट नाही. इंधनखर्च अनुज्ञेय नाही." आणि फाइल परत पाठवली. शेरा नियमाला धरून होता. आपण सरकारचे पैसे वाचवले, असे समाधानही मला वाटले.

जुलैमध्ये दरड कोसळून रस्ता खचला. पलीकडच्या एका गावात अतिसाराची साथ होती. औषधे, क्षारसंजीवनीची पाकिटे आणि ब्लीचिंग पावडर घेऊन तोच ट्रक निघाला, आणि योगायोगाने मी त्यात होतो. गाव चौदा किलोमीटरवर असताना चिखलात मागची चाके जागीच फिरू लागली. चालक खाली उतरला. पुढच्या चाकांची हब हाताने फिरवून जोडावी लागतात. उजवीकडचे हब लागले. डावीकडचे जुन्या ग्रीसमध्ये असे घट्ट बसले होते, की पान्याचे ठोके मारूनही हलेना. एकच हब लागून उपयोग नसतो, कारण साध्या डिफरेन्शियलमध्ये मोकळ्या बाजूचा दांडा नुसता फिरत राहतो आणि जोडलेल्या चाकाला जोर मिळत नाही. अखेर गावातील माणसे चालत खाली आली आणि त्यांनी खोकी पाठीवरून वाहून नेली. औषधे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचली. त्या विलंबात कोणाचे काय गेले, याची नोंद कोठेच नाही. नोंद आहे ती एवढीच, की वाहनाच्या निगेत हयगय केल्याबद्दल चालकाला ज्ञापन देण्यात आले.

आता या यंत्रणेचे थोडे शरीरशास्त्र पाहू. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. तेथून एक दांडा पुढच्या आसाकडे जातो. दोन चाकांवर गाडी चालते आणि पुढची हब मोकळी असतात, तेव्हा हा दांडा, पुढचे डिफरेन्शियल आणि त्याचे बेअरिंग यांपैकी काहीच फिरत नाही. तेल तळाशी बसून राहते आणि वरचे दाते व बेअरिंग कोरडे पडतात. हाउसिंगमध्ये दमट हवेचे पाणी साठून गंज धरतो. ऑइल सीलची कड सुकून कडक होते आणि पुढे गळू लागते. गिअर सरकवणारा दांडा आपल्या छिद्रातच जाम होतो. ज्या गाड्यांत हे काम व्हॅक्यूमच्या नळ्या किंवा विजेची मोटर करते, त्यांत नळ्यांना चिरा पडतात आणि वायरींच्या जोडांवर हिरवट थर चढतो. या सर्व रोगांवर औषध एकच, नियमित चालवणे. टोयोटाच्या काही गाड्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट सूचना असते, की महिन्यातून किमान १६ किलोमीटर गाडी चारही चाकांवर चालवावी, म्हणजे पुढच्या भागांना वंगण पोहोचेल.

मात्र ही फेरी कोरड्या डांबरी रस्त्यावर काढू नये. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. या जातीच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या व मागच्या आसांमध्ये डिफरेन्शियल नसते, म्हणून हा फरक दांड्यांत पीळ होऊन साठतो. माती, वाळू, खडी यांवर चाक किंचित घसरून पीळ सुटतो; कोरड्या डांबरावर तो दात्यांवर येतो. म्हणजे चालकाने मागितलेली नदीकाठची रेताड वाट ही चैन नव्हती, ती योग्य जागा होती. त्याला हे ठाऊक होते, अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीधराला ठाऊक नव्हते.

आता प्रशासनाचा भाग. आपली व्यवस्था या यंत्रणेला चार प्रकारे मारते.

पहिला प्रकार लॉगबुकचा. त्यात कोठून, कोठे, कशासाठी आणि किती किलोमीटर हे रकाने असतात. चार चाकांवर किती चालली, हा रकाना मी कोठेही पाहिलेला नाही. ज्याला रकाना नाही ते सरकारी दृष्टीने घडतच नाही.

दुसरा प्रकार देखभालीच्या मोजमापाचा. पुस्तिकेत तेल बदलण्याची मुदत बहुधा 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते' अशी असते. आपण त्यातील पहिला अर्धा भाग तेवढा वाचतो. आपत्तीसाठी राखलेली गाडी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालते, म्हणून ट्रान्सफर केसचे तेल वर्षानुवर्षे तसेच राहते. गंमत अशी, की तीच गाडी मोडीत काढताना आपण दिनदर्शिका पाहतो. १ एप्रिल २०२३ पासून काही अपवाद वगळता पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले आहे. निगा किलोमीटरने आणि मरण वर्षांनी! भंगारात जाणाऱ्या अशा गाड्यांचे पुढचे डिफरेन्शियल उघडून पाहावे. दाते न झिजलेले, पण गंजलेले सापडले तर मला नवल वाटणार नाही.

तिसरा प्रकार टायरांचा. चारही टायरांचा घेर सारखा असणे या यंत्रणेत आवश्यक असते, नाहीतर सरळ रस्त्यावरही पीळ साठतो. पण मागचे दोन झिजले म्हणून दोनच मंजूर होतात, तेही कमीत कमी दराच्या निविदेतून, वेगळ्या बनावटीचे. उरलेले दोन 'अद्याप वापरायोग्य' म्हणून ठेवले जातात.

चौथा प्रकार पडताळणीचा. सामान्य वित्तीय नियम, २०१७ प्रमाणे स्थिर मालमत्तेची वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष पडताळणी करावयाची असते. आपण ती करतो. वाहन जागेवर आहे, इंजिन क्रमांक जुळतो, सही होते. वस्तू आहे की नाही हे तपासले जाते, ती चालते की नाही हा प्रश्न नमुन्यातच नसतो.

यावर वित्त शाखेतील माझे सहकारी दोन आक्षेप घेतील. मीही पूर्वी तेच घेतले असते. पहिला आक्षेप इंधनाच्या उधळपट्टीचा. हिशेब करू. महिन्याला १६ म्हणजे वर्षाला १९२ किलोमीटर. लिटरला सहा किलोमीटर धरले तर ३२ लिटर डिझेल, आजच्या भावाने सुमारे तीन हजार रुपये. लाखो रुपयांच्या गाडीतील ज्या एका गुणासाठी आपण जास्तीची किंमत मोजली, तो गुण जिवंत ठेवण्याचा हा वार्षिक खर्च आहे. याला विम्याचा हप्ता म्हणतात. ज्यांना तो जड वाटतो त्यांनी साधी दोन चाकांची गाडी घ्यावी. ती काटकसर निदान प्रामाणिक तरी असेल.

दुसरा आक्षेप असा, की चाचणीच्या नावाखाली चालक गाडी खाजगी कामाला नेतील. काही नेतील. पण गैरवापर रोखण्यासाठी वापरच बंद करणे म्हणजे उंदरांच्या भीतीने कोठार रिकामे ठेवणे होय. ठरलेला दिवस, ठरलेली वाट आणि लॉगबुकवर दुसऱ्या कर्मचाऱ्याची सही, एवढ्याने हा प्रश्न सुटतो. लष्करात मेंटेनन्स परेड हा नेहमीच्या कामाचाच भाग असतो. अग्निशमन केंद्रात पंप नियमाने चालू करून पाहतात, आग नसतानाही. तेथे कोणी 'प्रयोजन स्पष्ट नाही' असे लिहीत नाही.

खरे कारण वेगळे आहे. खरेदीला समारंभ असतो, नारळ फुटतो, छायाचित्र निघते. निगेला यांतले काहीच नसते. न घडलेल्या बिघाडाचे श्रेय कोणाला मिळत नाही, आणि घडलेल्या बिघाडाचे खापर सर्वांत खालच्या माणसावर फुटते. ही चाल बदलायची तर काय करावे, हे सांगण्यासाठी समितीची गरज नाही :

१. लॉगबुकमध्ये 'चार चाकांवर चाललेले अंतर' हा रकाना घालावा आणि मासिक चाचणी फेरी हे मान्य प्रयोजन ठरवावे.

२. राखीव वाहनांचे तेल, ग्रीस आणि सील यांची तपासणी महिन्यांच्या हिशेबाने करावी. पाण्यातून गाडी गेली असेल तर लगेच. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, हे चालकाला शिकवावे.

३. टायर चारही एकदम, एकाच मापाचे व बनावटीचे घ्यावेत.

४. वार्षिक पडताळणीत अधिकाऱ्याने समोर उभे राहून हब लावून पाहावीत आणि गाडी मातीवर चालवून घ्यावी.

५. कंत्राटी चालक बदलला की नव्याकडून हे सर्व एकदा करवून घ्यावे. यंत्राइतकाच माणसाचा हातही सवयीअभावी गंजतो.

त्या चालकाला दिलेले ज्ञापन पुढे मागे घेण्यात आले. जानेवारीतील अर्ज व त्यावरचा माझा शेरा यांच्या प्रती मी स्वतःच फाइलीला जोडल्या होत्या. मला त्याबद्दल कोणी जाब विचारला नाही. नियमानुसार लिहिलेल्या शेऱ्याबद्दल आपल्याकडे कोणी जाब विचारतही नाही. पण त्या रात्री डोंगरउतारावर ट्रकमध्ये बसून काढलेल्या तासांत एक गोष्ट मला कळली, की मी वाचवलेले डिझेल टाकीत राहिले आणि औषधे चिखलात राहिली.

वाचकांपैकी ज्यांच्या कार्यालयाच्या आवारात अशी गाडी उभी असेल, त्यांनी उद्या सकाळी चालकाला एवढेच विचारावे : "पुढची चाके शेवटची कधी जोडली होती?" उत्तर देताना तो थबकला, तर पावसाळ्याची वाट पाहू नये.