पाव तोळ्याचा पाहुणा

गेल्या श्रावणांत आम्ही झाईस एका आप्तांच्या घरीं उतरलों होतों. झाई म्हणजे तलासरी तालुक्यांतील समुद्रकांठचें गांव. महाराष्ट्राचा किनारा येथें संपतो व पुढें गुजराथ लागतो. तिन्हीसांजेस दिवा लागतांच कौलांच्या फटींतून एक लहानसें वटवाघूळ माजघरांत शिरलें. मुलें ओरडलीं, सूनबाईंनीं तान्हें पदराखालीं घेतलें, आणि जन्मभर मुलांस सृष्टिज्ञान शिकविलेल्या आम्हींच "केरसुणी आणा" म्हणून फर्माविलें. एका फटक्यासरशीं तें खालीं पडलें तें पुन्हां उठलें नाहीं.

सकाळीं मास्तरकीची खोड जागी झाली. पारडें धुवून देण्याच्या बोलीवर वहिनींकडून जुना सोन्याचा कांटा मागून घेतला व चिमट्यानें तें कलेवर त्यांत ठेविलें. वजन भरलें तीन मासे, म्हणजे पाव तोळा. आजच्या मापानें सुमारें तीन ग्रॅम. राणीछाप रुपया एक तोळ्याचा असे. असलीं चार वाघळें मिळून एका रुपयाची बरोबरी करतील. कोपरापासून मनगटापर्यंतचें हाड पट्टीनें मोजलें तें २७ मिलिमीटर.

प्राणिशास्त्रज्ञ या हाडासच अधिक मान देतात, व त्यास कारण आहे. देह जितका लहान तितकी त्याची उष्णता लवकर निघून जाते. म्हणून अशा प्राण्यास आपल्या वजनाच्या पाव ते निम्मे किडे एका रात्रींत खावे लागतात. संध्याकाळचें वजन पहाटे राहत नाहीं. हाड मात्र बदलत नाहीं. या दोन्ही मापांवरून आमचा पाहुणा आपल्याकडील अगदीं लहान वटवाघळांपैकीं असावा. या जातीचें वर्णन रॉटन नामक वनाधिकाऱ्यानें १८९९ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलांत केलें, आणि त्याचा नमुना झाईच्या ईशान्येस असलेल्या डांगांतलाच होता. म्हणजे हा पाहुणा नसून मूळचा रहिवासीच; पाहुणे आपण.

अमरकोशांत वटवाघळास 'अजिनपत्रा' म्हटलें आहे. अजिन म्हणजे कातडें, तेंच ज्याचे पंख. बोर्डी-घोलवडच्या बागाईतदारांस फळें खाणाऱ्या मोठ्या वाघळांचा राग असतो. त्यांतील सर्वांत मोठ्याचें वजन किलोहून अधिक भरतें. त्यांचा राग या चिमुकल्यावर काढणें न्यायाचें नव्हे. हें फळास शिवत नाहीं, बारीक किडे व पतंग खातें. याची मादी बहुधा दोन पिल्लें प्रसवते, आणि तीन माशांच्या देहांतून तीं वाढवावीं लागतात.

तेव्हां गृहिणींनीं इतकें करावें. वटवाघूळ घरांत आलें तर खिडक्या-दारें सताड उघडावीं, दिवा मालवावा, पंखा बंद करावा व मुलांस घेऊन दुसऱ्या खोलींत बसावें. तें आपणच वाट काढतें. उघड्या हातानें मात्र त्यास कधींही धरूं नये, व चावल्यास जखम साबणानें खूप वेळ धुवून त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावी.

आम्हीं तें कलेवर परसांत पारिजातकाखालीं पुरलें. तें नर होतें कीं मादी, हें पाहण्याचा धीर मात्र आम्हांस झाला नाहीं.